चाल, दुकान आणि बाजू : चंबावंबाचा आवाज का बदलत गेला?

आजचा विषय भांडणाचा आहे, म्हणून थेट भांडणापासूनच सुरुवात करू.

१९९८ साली इंग्लंडमध्ये एक छोटी रेकॉर्ड निघाली. वेगवेगळ्या पंक बँडांनी मिळून काढलेली, आणि सगळा रोख एकाच बँडवर. तो बँड म्हणजे चंबावंबा. रेकॉर्डचं नाव मराठीत सांगायचं तर 'निलाजरा ढोंगीपणा रेकॉर्ड विकतो' असं होतं. हे नाव कुठून आलं? चंबावंबाच्याच १९८६ च्या पहिल्या अल्बमवरून. त्या अल्बमचं नाव होतं 'उपाशी मुलांचे फोटो रेकॉर्ड विकतात'. १९८५ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी 'लाइव्ह एड' नावाचा प्रचंड मोठा कार्यक्रम झाला होता. त्या दानशूरपणाच्या मागे काय काय विकलं जातंय, असा प्रश्न या बँडने तेव्हा विचारला होता. बारा वर्षांनी त्यांच्याच चळवळीतल्या लोकांनी तोच प्रश्न उलटा फिरवून त्यांच्या तोंडावर मारला.

म्हणजे हे भांडण परक्यांचं नाही, घरातलं आहे. आणि घरातली भांडणं नीट ऐकावीत, कारण त्यात दोन्ही बाजूंना माहिती असते.

ज्यांनी चंबावंबा हे नाव ऐकलेलं नाही, त्यांनीही त्यांचं एक गाणं बहुधा ऐकलं असेल. १९९७ चं 'टबथंपिंग'. पडायचं आणि पुन्हा उठायचं, एवढंच सांगणारं गाणं. ब्रिटनच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत सहाव्या. क्रिकेट-फुटबॉलच्या मैदानांपासून लग्नाच्या पार्ट्यांपर्यंत सगळीकडे वाजलं. हे गाणं एका अराजकवादी बँडचं आहे, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे.

आता या बँडच्या चाहत्यांचे साधारण तीन गट पडतात. पहिला म्हणतो, खरा चंबावंबा ऐंशीच्या दशकातला. नंतर सगळं गुळमुळीत झालं. दुसरा म्हणतो, नव्वदच्या सुरुवातीचा, नाचता येणारा आणि तरीही टोचणारा. तिसरा गट उशिरा आला. त्याला शेवटच्या वर्षांतला, गिटार-अकॉर्डियन आणि चार-पाच गळ्यांचा लोकगीतांसारखा आवाज आवडतो. तिन्ही गट एकमेकांना विचारतात, 'हा बदल झाला कधी आणि कशामुळे?' त्यावर सर्वांत लवकर येणारं उत्तर म्हणजे 'पैशामुळे, १९९७ मध्ये'. हे उत्तर तपासून पाहणं, हे आपलं आजचं काम.

त्यासाठी आपण तीन गोष्टी वेगळ्या करू. एक, चाल: म्हणजे गाणं कानाला कसं लागतं. दोन, दुकान: म्हणजे ते कोण विकतं. आणि तीन, बाजू: म्हणजे गाणारा कुणाच्या बाजूने उभा आहे. भांडणात या तिन्हींची खिचडी होते. चाल बदलली की लोक म्हणतात, बाजू बदलली. दुकान बदललं की म्हणतात, चालच बिघडली. आपण एकेक उलगडू.

पंकची चाल होती कशी?

हा बँड १९८२ मध्ये सुरू झाला. मंडळी मूळची उत्तर इंग्लंडमधल्या बर्नलीची, मग लीड्सला गेली. तिथल्या आर्मली भागात एका रिकाम्या पडलेल्या घरात ती एकत्र राहू लागली. पैसा सामायिक. बँडमध्ये नेता असा कुणी नाही. आठ-नऊ माणसं, त्यात बायका आणि पुरुष दोन्ही, आणि मिळकतीची समान वाटणी. ही समान वाटणी लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

त्यांच्यापुढे आदर्श होता 'क्रास' या बँडचा. क्रासने राजकीय पंकला एक रूप दिलं होतं. लष्करी कवायतीसारखा ढोल, घासलेल्या गिटारी, आणि शब्द गायचे नाहीत, तर ओरडून फेकायचे. यामागे विचार होता. वाजवायला शिकलेलं असणं गरजेचं नाही, महागडी यंत्रं नकोत, गोडवा नको. कारण गोडवा म्हणजे विक्री. ऐकणाऱ्याला सुखावू द्यायचं नाही. ती चाल स्वतःच एक विधान होती.

पण गंमत बघा. दोन-तीन वर्षांत या नकाराचाही गणवेश झाला. तेच काळे कपडे, तोच ढोल, तीच आरडाओरड. आणि गणवेश आला की तो कुणालाही घालता येतो. चंबावंबाला हे फार लवकर कळलं होतं, याचा एक मजेदार पुरावा आहे. त्या काळात 'ऑय' नावाचा पंकचा एक दणदणीत, मर्दानी उपप्रकार गाजत होता. चंबावंबाच्या मंडळींनी 'स्किन डिसीज' या खोट्या नावाने आपण ऑय बँड असल्याची बतावणी केली. त्या प्रकाराचा कैवार घेणाऱ्या एका पत्रकाराच्या संकलनात त्यांचं गाणं चक्क निघालंसुद्धा. गाण्यात काय होतं? 'आपण मठ्ठ आहोत' एवढंच पुन्हा पुन्हा.

ही निव्वळ थट्टा म्हणून सोडून देऊ नका. बँड नवा होता, आणि तेव्हाच या लोकांना माहीत होतं की आवाज हा कपड्यासारखा असतो. घालता येतो, काढता येतो. आवाजावरून माणसाचा प्रामाणिकपणा ओळखता येत नाही.

पहिला मोठा बदल १९९७ चा नाही

आता तारखा बघू. मार्च १९८४ ते मार्च १९८५, ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांचा वर्षभराचा संप. लीड्स हे यॉर्कशायरमध्ये, आणि यॉर्कशायर म्हणजे त्या संपाचा गाभा. बँडने संपासाठी कार्यक्रम केले, पैसे गोळा केले. इथे एक व्यावहारिक अडचण येते. खाणकामगार, त्यांच्या बायका, त्यांचे म्हातारे आईबाप, यांच्यासमोर तुम्ही क्रासच्या पद्धतीने ओरडलात तर काय होईल? बाजू तीच असली तरी शब्द पोहोचणार नाहीत. ज्यांच्यासाठी गायचं, त्यांना बरोबर गाता आलं पाहिजे.

पुढच्या घटना मी या प्रश्नाच्या उजेडात वाचतो. १९८६ च्या पहिल्याच अल्बममध्ये ओरडण्याबरोबर सुरेल कोरस आहेत, मधेच शांत भाग आहेत. आणि १९८८ मध्ये त्यांनी काय काढलं? 'इंग्लिश रिबेल साँग्ज १३८१–१९१४'. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावापासून पहिल्या महायुद्धापर्यंतची बंडाची गाणी, आणि तीही जवळजवळ वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर, अनेक आवाजांच्या मेळात. पंक बँडने गिटार बाजूला ठेवली! ज्यांना हा बँड 'खरा' पंक असताना आवडायचा, त्यांच्या आवडत्या दशकातच हे घडलं. तेव्हा रेकॉर्ड काढणारी संस्था त्यांची स्वतःची होती, 'अजिट-प्रॉप'. म्हणजे चाल पूर्ण बदलली, दुकान घरचंच, बाजू तीच. पैशाचा इथे काहीही संबंध नाही.

मग १९९० चा 'स्लॅप!'. आता नाचाचा ठेका आला, सॅम्पलर आला. सॅम्पलर म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा कापून आपल्या गाण्यात डकवण्याचं यंत्र. इंग्लंडची तरुण मंडळी तेव्हा गोदामांत आणि माळरानांवर रात्रभर नाचत होती. बँड त्यांच्या मागे गेला. पुढचा अल्बम तर उसन्या तुकड्यांनी इतका भरला की मालकी हक्कांच्या अडचणीमुळे तो तसा काढताच आला नाही. त्यातून नव्याने घडलेला अल्बम १९९२ मध्ये आला, त्याचं नाव 'श्श्श', आणि विषय मुस्कटदाबी. १९९३ मध्ये त्यांनी 'क्रेडिट टु द नेशन' या रॅप गटाबरोबर फॅसिस्टांच्या विरोधात एक गाणं केलं. १९९४ च्या 'अ‍ॅनार्की' अल्बममध्ये तर कोरस इतके गोड आहेत की शब्दांकडे लक्ष न देणारा माणूस फसावा.

तर हिशोब काय झाला? १९८२ ते १९९४ या बारा वर्षांत चाल निदान तीनदा मुळापासून बदलली होती, आणि तोवर कुठलीही बलाढ्य कंपनी चित्रात नव्हती. म्हणून 'पैशामुळे आवाज बदलला' हे उत्तर तारखांवरच पडतं.

मग कशामुळे बदलला? एक कारण मी सांगितलं, श्रोते बदलले. दुसरं म्हणजे यंत्रं बदलली. आणि तिसरं, ती समान वाटणी. ज्या बँडमध्ये एकच गीतकार असतो, तिथे त्याची सही प्रत्येक गाण्यावर असते. इथे आठ जण, आठ आवडी, आणि प्रत्येकाचा हिस्सा सारखा. अशा घरात एकच भाजी रोज कशी शिजेल?

मग १९९७ मध्ये झालं काय?

इथे चाल नाही, दुकान बदललं. त्यांनी ईएमआय या कंपनीशी करार केला. आणि हे साधं प्रकरण नव्हतं. १९८९ मध्ये एक संकलन निघालं होतं, ज्याच्या नावातच ईएमआयला अर्वाच्य शिवी होती, आणि त्यात चंबावंबाचं गाणं होतं! कारणही होतं. थॉर्न ईएमआय हा उद्योगसमूह तेव्हा लष्करी इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातही होता. बँडचं उत्तर असं की १९९६ मध्ये थॉर्न आणि ईएमआय वेगळ्या झाल्या, आणि नफ्यावर चालणारी छोटी कंपनी मोठीपेक्षा पवित्र असते असं मुळीच नाही. जुन्या सोबत्यांना हे पटलं नाही. त्यांच्या दृष्टीने ती पळवाट होती. व्याख्यानाच्या सुरुवातीला सांगितलेली रेकॉर्ड या रागातून आली.

मला वाटतं, या रागाला आदर द्यायला हवा. ज्याला आपण शिवी दिली, त्याच्याच पेढीवर जाऊन बसलो, तर जाब विचारणारच लोक. पण हा जाब दुकानाबद्दलचा आहे. त्याला 'आवाज गुळगुळीत झाला' असं म्हटलं की मूळ प्रश्न हरवतो.

आता बाजू तपासू. फेब्रुवारी १९९८, लंडनचा 'ब्रिट अवॉर्ड्स' सोहळा. लिव्हरपूलच्या सुमारे ५०० गोदी कामगारांना १९९५ मध्ये कामावरून काढलं होतं, कारण त्यांनी संपकऱ्यांची फळी ओलांडायला नकार दिला. अडीच वर्षांच्या आसपास ते लढले आणि जानेवारी १९९८ च्या अखेरीस हरले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी हा सोहळा. बँडने आपल्या गाजलेल्या गाण्याचे शब्द बदलून, नव्या मजूर सरकारने गोदी कामगारांना वाऱ्यावर सोडलं, असं मंचावरून सांगितलं. आणि नंतर डॅनबर्ट नोबेकन या सदस्याने उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या अंगावर थंड पाण्याची बादली ओतली. त्याच सुमाराला अमेरिकेत डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात, त्याच गाण्यात त्यांनी मुमिया अबू-जमाल या कैद्याच्या सुटकेची मागणी घुसवली. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या जाहिरातीसाठी नायकेने गाणं मागितलं, ते दिलं नाही. २००२ मध्ये जनरल मोटर्सला मात्र एक गाणं जाहिरातीसाठी दिलं, सुमारे १,००,००० डॉलरना. आणि तो पैसा 'इंडीमीडिया' आणि 'कॉर्पवॉच' यांना, म्हणजे अशाच कंपन्यांच्या मागे लागणाऱ्या संस्थांना देऊन टाकला.

पाण्याची बादली हे राजकारण आहे का, यावर वाद घाला. पण बाजू बदलली असं म्हणणं अवघड आहे.

तरीही जुने चाहते एका बाबतीत बरोबर होते

इथवर तुम्हाला वाटेल की मी बँडचं वकीलपत्र घेतलंय. तसं नाही. आता उलट बाजू मांडतो.

'टबथंपिंग' हा शब्द म्हणजे रस्त्याच्या कडेला पिंप बडवत भाषण ठोकणं. अल्बमवरच्या आवृत्तीत गाणं सुरू होण्याआधी एका माणसाचं बोलणं ऐकू येतं. तो आवाज नट पीट पोसलथ्वेट यांचा, १९९६ च्या 'ब्रास्ड ऑफ' या चित्रपटातला. चित्रपट आहे यॉर्कशायरची खाण बंद होत असताना तिथल्या कामगारांच्या ब्रास बँडचा. म्हणजे गाण्यात जी तुतारी वाजते, तिच्यामागे ती हरलेली खाण उभी आहे. पुन्हा उठणारा 'मी' हा व्यायामशाळेतला नाही, तो १९८५ मध्ये मोडून पडलेला माणूस आहे.

पण रेडिओसाठी गाणं छोटं केलं तेव्हा ते बोलणं गेलं. अल्बमच्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्याबरोबर संदर्भाची टिपणं होती. अमेरिकी आवृत्तीत ती टिपणं आली नाहीत. उरलं काय? एक भन्नाट कोरस. राजकारण गाण्याच्या गाभ्यात नव्हतं, कडेला होतं, आणि कडा आधी कापल्या जातात.

याची किंमत पुढे मोजावी लागली. २०११ मध्ये ब्रिटनच्या 'युकिप' या उजव्या पक्षाने आपल्या अधिवेशनात हेच गाणं वाजवलं. बँड संतापला. २०२४ मध्ये न्यूझीलंडचे नेते विन्स्टन पीटर्स यांनी ते सभेत वापरलं. बँड फुटून बारा वर्षं झाली होती, तरी जुन्या सदस्यांना पुन्हा विरोध नोंदवावा लागला. पडून उठणारा 'मी' कोण, हे गाण्याने सांगितलं नाही, तर तो 'मी' कुणीही होऊ शकतो. पुढारीसुद्धा.

जुन्या चाहत्यांना गोडव्याची जी भीती वाटत होती, तिचं खरं रूप हे आहे. गोडव्याने गाणारा बदलत नाही. पण गोड गाणं गाणाऱ्याचा हात सोडून एकटं निघून जातं. क्रासच्या आरडाओरडीवर कुठल्याही पक्षाची सभा रंगणार नाही. ती अनाथ होत नाही, पण तिचं गावही छोटंच राहतं. दूर जायचं की हातात राहायचं, यातलं एक निवडावं लागतं. चंबावंबाने दूर जाणं निवडलं आणि त्याची भरपाईही दिली.

शेवटचा आवाज

२००५ च्या सुमारास निम्मी मंडळी बाहेर पडली. उरलेल्यांनी वीज जवळजवळ बंद केली. गिटार, तुतारी, अकॉर्डियन आणि गळे. अनेकांना हा तिसरा चंबावंबा अगदी परका वाटला. पण आता तुम्हाला तो परका वाटू नये. हाच आवाज १९८८ मध्ये येऊन गेला होता. बंडाच्या गाण्यांचा तो संग्रह त्यांनी २००३ मध्ये पुन्हा गायला, आणि नावातलं १९१४ बदलून १९८४ केलं. का १९८४? खाणकामगारांचा संप. सुरुवात जिथून झाली, त्याच ठिकाणी ते परत आले.

२०१२ मध्ये बँड संपला. अखेरचा कार्यक्रम लीड्समध्येच झाला. पण एक काम शिल्लक होतं. मार्गारेट थॅचर यांच्या मृत्यूनंतरच पाठवायची अशी एक छोटी रेकॉर्ड त्यांनी २००५ मध्ये करून ठेवली होती, आणि लोकांनी आगाऊ पैसे भरले होते. एप्रिल २०१३ मध्ये थॅचर गेल्या, आणि बँड अस्तित्वात नसताना ती पाकिटं टपालात पडली. मृत्यूवर असं गाणं करावं का, हा तुमच्या-माझ्या रुचीचा प्रश्न आहे. मला त्यात दिसतं ते एवढंच, की संपाची आठवण अठ्ठावीस वर्षं टिकली. चाली चार-पाच बदलल्या, ती बदलली नाही.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : मग त्यांना पंक म्हणायचं की नाही?*

आवाजाला पंक म्हणत असाल तर जेमतेम सुरुवातीची काही वर्षं. पण घर सामायिक, मिळकत समान, कुणी नेता नाही, ही काम करण्याची पद्धत बघितलीत तर पुढेही बराच काळ. मी दुसरी व्याख्या वापरतो, कारण आवाजाची नक्कल 'स्किन डिसीज'लाही जमली होती.

*प्रश्न : आणि ईएमआयकडे जायला नको होतं, असं तुम्हाला वाटतं का?*

गेले नसते तर आज आपण इथे त्यांच्याबद्दल बोलत नसतो, हे खरं. पण तेवढ्याने जाणं योग्य ठरत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एवढ्या लांब जाणाऱ्या गाण्यात त्यांनी खाणीचा एक शब्द तरी मध्यभागी ठेवायला हवा होता, कापता येणार नाही अशा जागी.

घरी जाऊन तीन गोष्टी या क्रमाने ऐका : आधी १९८८ ची बंडाची गाणी, मग 'टबथंपिंग'ची अल्बमवरची पूर्ण आवृत्ती, सुरुवातीच्या बोलण्यासकट, आणि मग २००३ ची तीच बंडाची गाणी. त्यानंतर भांडायचं असेल तर जरूर भांडा. फक्त आधी ठरवा, चालीबद्दल भांडताय, दुकानाबद्दल की बाजूबद्दल.

थांबतो.